दोन बोटांची उंची

मी एक जुनी लाल स्प्रिंग आहे. लाल म्हणायचं ते सवयीने. रंग केव्हाच उडाला, आता मी निम्मी गंजाच्या रंगाची आहे. तिलेमसान शहरात जेलूलकाकांचं गॅरेज आहे. तिथे दारातून शिरल्यावर डाव्या हाताच्या भिंतीवर, एका जाड खिळ्याला मी टांगलेली असते. माझ्या तीन बहिणी भंगारात गेल्या. मला मात्र काकांनी ठेवून घेतलं, आणि ते शोभेसाठी नव्हे. का ठेवलं, तेच आज सांगायचं आहे. मित्रांनो, ऐकताना मला नावं ठेवावीशी वाटली तर खुशाल ठेवा, पण शेवटपर्यंत ऐका.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. पोलादाची कांब भट्टीत तापवली, गोल गुंडाळली, तेलात बुडवली. मग एका यंत्राने मला शेकडो वेळा दाबून पाहिलं. मी दर वेळी होते तेवढी परत उभी राहिले. तेव्हापासून मला माझ्या ताठपणाचा फार अभिमान होता. माझी जात बुटकी आणि कडक. गाडी जमिनीजवळ खाली आणायची आणि वळणावर तिला झुकू द्यायचं नाही, हे आमचं काम. गुळगुळीत रस्त्यावर एकट्याने वेगात गाडी हाकणाऱ्यांसाठी आम्ही घडलो होतो.

हे सगळं एका कागदावर लिहिलेलंही होतं. गाडी किती खाली येईल, बरोबर आखूड शॉकअ‍ॅब्सॉर्बर लागतील, किती वजन चालेल, सगळं. तो कागद आमच्याच खोक्यात होता. बंदरात तपासणीसाठी खोकं उघडलं, तेव्हा तिथल्या कुणीतरी त्या कागदात भाजलेले दाणे बांधून घेतले. आम्ही तिलेमसानला पोचलो ते मुक्यानेच.

तौफीकच्या सुट्या भागांच्या दुकानात काचेच्या आड आम्हा चौघींना मांडलं होतं. शेजारी निळ्या स्प्रिंगांचं खोकं होतं. त्या आमच्याहून उंच आणि मऊ. गाडी जेमतेम तीन सेंटिमीटर खाली आणायच्या, आम्ही सहा. मी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नसे.

मग एके दिवशी शुक्री आला. तिशीतला, देखणा, अंगावर इस्त्रीचा शर्ट. त्याच्याजवळ १९९१ सालची दोन दारांची गोल्फ होती, तिच्या काळात भल्याभल्या गाड्यांना मागे टाकणारी. गाडी खरं तर त्याच्या वडिलांची, सी गौतींची; सी म्हणजे इथलं 'श्री'. सत्तावीस वर्षं ते फ्रान्समध्ये एका ओतकामाच्या कारखान्यात होते. दर ऑगस्टमध्ये ही गाडी बोटीवर चढवून महिनाभर घरी यायचे आणि पुन्हा जायचे. शेवटच्या वर्षी कारखान्यात एक साचा त्यांच्या पाठीवर कोसळला. कमरेत दोन पट्ट्या आणि सहा स्क्रू बसवून ते कायमचे परत आले. एवढ्यात गाडीची मागची एक जुनी स्प्रिंग गंजून तुटली होती, आणि शुक्रीच्या बहिणीचं, सोरायाचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं.

तौफीकने आमचं खोकं आणि निळ्यांचं खोकं, दोन्ही शुक्रीच्या हातात दिली. "काकांकडे जाऊन ठरव," तो म्हणाला आणि स्वतःच पाठोपाठ आला. आपल्या दुकानातला माल कुणी नाकारतो की काय, हे त्याला डोळ्यांनी पाहायचं होतं.

गॅरेजमध्ये सी गौती खुर्चीवर उशी घेऊन बसले होते. हातात पुदिन्याच्या चहाचा पेला. जेलूलकाकांनी दोन्ही खोकी उघडली, एक निळी आणि एक लाल हातात घेऊन वजन केलं आणि विचारलं, "मागे कोण बसणार?"

"काका, मी स्प्रिंग विचारतोय, पाहुण्यांची यादी नाही."

"मला यादीच लागते. स्प्रिंग नंतर."

"मी, बाबा आणि सोराया. झालं?"

"लग्नाच्या वरातीत तिघं? आणि तुझी झुलीखाआत्या काय खेचरावर येणार?"

"ती टेम्पोतून येईल."

काका हसले. "झुलीखा आणि टेम्पोतून! पोरा, चाळीस वर्षं ओळखतो मी तिला."

तौफीकला राहवेना. "काका, निळी लावली तर चाकावर तीन बोटं राहतील. तीन बोटं म्हणजे शाळामास्तरांची गाडी! नवरीची गाडी वरातीत सगळ्यांत पुढे असते. सगळं गाव बघणार."

मित्रांनो, इथली तरुण मंडळी गाडीची उंची बोटांनी मोजतात. चाक आणि त्यावरचं मडगार्ड यांच्या मधल्या फटीत किती बोटं मावतात, ते माप. चार बोटं मावली तर म्हाताऱ्याची गाडी, दोन मावली की खरी गाडी. हे माप कुणी शिकवत नाही आणि कुणी विसरतही नाही. पण ते नेहमी रिकाम्या, उभ्या गाडीवर घेतात. त्यात माणसं बसल्यावर काय होतं, हे बोटं सांगत नाहीत.

सी गौतींनी पेला खाली ठेवला. "मला शोभेतलं कळत नाही," ते हळू म्हणाले. "माझ्या कमरेत सहा स्क्रू आहेत, एवढं कळतं. आणि मला तिला स्वतः सोडायचंय."

इथला रिवाज तसा नाही. नवरी बापाच्या पांढऱ्या बुर्नूसखालून, म्हणजे लोकरीच्या घोळदार झग्याखालून, त्याच्या उचललेल्या हाताखालून घराबाहेर पडते, आणि बाप उंबरठ्यावरच थांबतो. पुढचा रस्ता भाऊ, काका, आत्या सांभाळतात.

"लोक बोलतील, बाबा," शुक्री म्हणाला.

"बोलू देत. तिला मी शाळेत एकदाही सोडलं नाही. एकदाही. सासरी तरी सोडीन."

जेलूलकाकांनी निळी स्प्रिंग पुढे केली. "मग ही घे. निमूटपणे घे."

शुक्रीने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझा रंग तेव्हा नवा होता, उन्हात चमकत होता. तो कुजबुजला, "काका, आयुष्यात एकदाच बहिणीचं लग्न होतं. बाबा आजारी पडल्यापासून लोक आमच्याकडे कीव आल्यासारखे बघतात. एक दिवस तरी बघू देत की आम्ही अजून उभे आहोत. गाडीत तिघंच बसतील. डिकी रिकामी. शपथ घेतो."

काका दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले नाहीत. लग्नाच्या कामाला तिसऱ्यांदा नाही म्हणणारा माणूस वाईट चिंततो असं इथे मानतात, आणि काकांना ते जिवावर आलं. आखूड शॉकअ‍ॅब्सॉर्बर तौफीककडे नव्हते. पुढच्या महिन्यात येतील म्हणाला. जुन्यांवरच भागवलं.

मला सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मी खूश झाले होते. निळीचं खोकं बंद होताना तर जास्तच.

काकांनी मला मागच्या उजव्या चाकावर बसवलं. गाडी जॅकवरून खाली आली. शुक्रीने फटीत बोटं घातली. बरोबर दोन. त्याने आनंदाने तौफीकच्या पाठीवर थाप मारली. पुढचे पंधरा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे. शुक्री एकटाच बसायचा, लाल्ला सेत्तीच्या घाटातल्या वळणांवरून आम्ही चिकटून जायचो. चहाच्या टपरीसमोर गाडी उभी केली की लोक वाकून चाकं बघायचे, फोटो काढायचे. मला वाटलं, मी जगात आले ती याचसाठी.

मित्रांनो, स्प्रिंगला माणसाचा चेहरा नीट दिसत नाही, वजन मात्र कळतं. लग्नाच्या दुपारी सगळ्यांत आधी सी गौती बसले, माझ्याच बाजूला. हलके होते ते, आणि सावध. पायरी उतरताना बघतात तसं एकेक हाड तपासत बसले. मग सोराया आली. अंगावर शेद्दा, म्हणजे इथल्या नवरीचा जरीचा पोशाख, मोत्यांच्या माळांवर माळा, डोक्यावर सोन्याचा टोप. निम्मं वजन तिचं आणि निम्मं पोशाखाचं. तरीही मी सांभाळलं. फटीत अजून एक बोट शिल्लक होतं.

तेवढ्यात दार पुन्हा उघडलं.

"सरक गं सोराया. ते सोनं जरा पोटाशी घे."

"आत्या, तुमच्यासाठी टेम्पोत पुढची जागा ठेवलीय," शुक्री घाईने म्हणाला.

"टेम्पोत? भावाच्या पोरीच्या लग्नात मी बटाट्यांबरोबर येऊ?" झुलीखाआत्या अर्ध्या आत आल्याच होत्या. "आणि असा काय बघतोस? मी जड आहे असं म्हणायचंय का तुला? म्हण की, सगळ्यांसमोर म्हण."

शुक्रीने तोंड उघडलं. भोवती सत्तर माणसं, ढोल, बायकांचे हर्षनाद. त्याने तोंड मिटलं.

मग आत्यांची सून तान्ह्या बाळाला घेऊन पुढे बसली. आणि मग डिकी उघडली. सोरायाच्या आईने वर्षभर मेंढीची लोकर धुतली होती, वाळवली होती, काठीने झोडपून मोकळी केली होती आणि त्या लोकरीच्या दोन गाद्या शिवल्या होत्या. त्या गाद्या नवरीबरोबरच पोचायला हव्यात. मागून आल्या तर सासरी चर्चा होते. दोन बायकांनी त्या डिकीत कोंबल्या, वर पितळी परात ठेवली आणि झाकण दाबून लावलं. आईच्या वर्षभराच्या कष्टाला नको कसं म्हणायचं? शुक्रीला ते जमलं नाही.

माझी वेटोळी एकमेकांना टेकायला आली. माझ्या आत रबराचा एक ठोकळा असतो, अगदी शेवटच्या धक्क्यासाठी ठेवलेला. गाडी उभी असतानाच मागचा भाग त्या ठोकळ्यावर बसला होता. फटीत एकही बोट मावलं नसतं. गर्दीत जेलूलकाकांनी खाली वाकून चाक पाहिलं आणि हात वर केला, काहीतरी ओरडले. पण मागच्या वीस गाड्यांनी एकदम हॉर्न वाजवले आणि वरात निघाली.

सासर चाळीस किलोमीटरवर, डोंगरात. वाटेत प्रत्येक वस्तीने आपापल्या दारासमोर रस्त्यावर उंचवटे बांधलेले. त्यांना इथे गाढवाची पाठ म्हणतात. कुणी सिमेंटची बांधतो, कुणी डांबराची, आणि उंची ज्याच्या त्याच्या रागावर.

पहिल्या उंचवट्यावर धाडकन आवाज झाला. तो धक्का मी थांबवायला हवा होता. मला जागाच नव्हती. तो माझ्यातून, ठोकळ्यातून, पत्र्यातून सरळ सीटमध्ये गेला आणि सीटमधून त्या सहा स्क्रूंमध्ये.

"बाबा, दुखतंय?" सोरायाने विचारलं.

"नाही गं. जरा ती काच खाली कर. हवा येऊ दे."

दुसऱ्या उंचवट्यावर त्यांनी बोटीची गोष्ट सांगायला घेतली. एका ऑगस्टमध्ये समुद्र खवळला होता आणि याच गाडीत बसून त्यांनी रात्र काढली होती, ती गोष्ट. चौथ्यावर ती अर्धवट राहिली. पाचव्यावर ते म्हणाले, "झुलीखा, गा ना काहीतरी." आत्या गायल्या, पण सहाव्या धक्क्याला त्यांची जीभ चावली गेली.

"अरे शुक्री, ही गाडी आहे का उखळ? आमचं पीठ करून नेणारेस का सासरी?"

शुक्रीने वेग कमी केला की मागच्या गाड्या हॉर्नचा गदारोळ करायच्या. त्याने आरशात पाहिलं. वडील आरशातून त्याच्याकडे बघून हसले. त्या हसण्याने त्याला बरं वाटलं असावं. मला वाटलं नाही, कारण त्यांचं वजन कुठून येतंय ते मला कळत होतं. ते आता सीटवर बसलेच नव्हते. टपाजवळच्या मुठीला दोन्ही हातांनी लोंबकळून ते स्वतःला अधांतरी धरून होते. नवव्या उंचवट्यानंतर त्यांचे हात सुटले आणि बोलणंही थांबलं.

अकरावा उंचवटा नवऱ्याच्या गावात होता. वराती फार भरधाव येतात म्हणून गावकऱ्यांनी आठवड्यापूर्वीच बांधलेला, ओल्या सिमेंटचा वास अजून येत असलेला. शुक्रीने गाडी अगदी हळू घातली. पुढची चाकं चढली, उतरली, आणि गाडी पोटावर बसली. खाली चेंबर फुटला. इंजिनाचं काळं तेल उतारावरून ओघळू लागलं. पुढची चाकं नुसती फिरत राहिली.

नवऱ्याचं घर चढणीवर दोनशे पावलांवर होतं. दारात दूध आणि खजूर घेऊन बायका उभ्या दिसत होत्या. वरातीतले लोक धावत आले. कुणी म्हणालं गाडी उचलू, कुणी म्हणालं नवरीला टेम्पोत बसवा. शुक्री स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता. जेलूलकाका पोचले. त्यांनी खाली वाकून पाहिलं.

तेव्हा सी गौती म्हणाले, "मला उतरवा."

आत्या आणि पुढची मंडळी आधी उतरली. मग ते उतरले. माझ्यावरचं वजन गेलं आणि मी थोडी वर आले. त्या एका क्षणी मला माझ्या परत वर येण्याची किळस वाटली. त्यांनी बुर्नूस खांद्यावर नीट केला, एक हात गाडीच्या टपावर टेकवला आणि दुसरा उचलला.

"ये," ते सोरायाला म्हणाले. "पायी तर पायी. शाळेत पायीच सोडतात."

सोराया त्या हाताखाली गेली. दोघं चालू लागली. तिचा पोशाख जड, त्यांची पाठ मोडलेली. कोण कोणाला धरून होतं ते सांगता येणार नाही. मागे झुलीखाआत्या हर्षनाद करत होत्या आणि मध्येच पदराने डोळे पुसत होत्या. दोनशे पावलं. दारात त्यांनी तिचा हात जावयाच्या आईच्या हातात दिला, दूध प्यायले, एक खजूर खाल्ला. "जरा टेकतो," म्हणाले आणि पायरीवर बसले. पुन्हा स्वतःहून उठले नाहीत.

दोन स्क्रू तुटले होते. एकाने मणक्याच्या आतल्या भागाला इजा केली होती. ओरान शहरात नेऊन पुन्हा शस्त्रक्रिया झाली. पाठ जुळली, पाय मात्र परत आले नाहीत.

जेलूलकाकांनी गाडी दुरुस्त केली. आम्हाला काढलं, निळ्या बसवल्या. त्याच दिवशी शुक्री वडिलांना चाकाच्या खुर्चीवरून घेऊन आला होता. माझ्याकडे बोट करून तो रडायला लागला.

"बाबा, एवढं दुखत होतं तर सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू गाडी थांबवली असतीस."

"थांबवलीच असती!"

"मग तिला कोणी सोडलं असतं?"

काकांनी माझ्या तिघी बहिणी भंगाराच्या ढिगात टाकल्या. मागच्या उजव्या चाकावरची म्हणून मला उचललं आणि खिळा ठोकला. "मी तिसऱ्यांदा नाही म्हणालो नाही," ते खिळा ठोकताना म्हणाले. "ही इथे असू दे. मला दिसत राहील."

याला आता नऊ वर्षं झाली. माझ्यावर धूळ बसली, कोळ्याने वेटोळ्यांत घर केलं. दर मंगळवारी शुक्री वडिलांना व्यायामासाठी दवाखान्यात पोचवतो आणि दोन तास इथे बाकावर येऊन बसतो. गोल्फ बाहेर उभी असते, तीन बोटं उंच, मास्तरांची गाडी. रस्त्यातली पोरं हसतात. तो वर बघत नाही.

गेल्या महिन्यात एक गिऱ्हाईक आलं. तशीच जुनी वेगवान गाडी, अगदी जपलेली. माणसाने फटीत बोटं घालून दाखवली आणि मग त्याची नजर माझ्यावर गेली.

"काका, ही लाल आहे ना, हिच्यासारख्या चार मिळतील?"

काकांच्या आधी बाकावरून शुक्रीच म्हणाला, "मागे कोण बसतं?"

"कुणी नाही. कधीमधी आई."

शुक्री उठला. मला खिळ्यावरून काढलं आणि जमिनीवर उभं केलं. "दाब."

तो माणूस हसला. दोन हातांनी दाबलं. मग वाकून सगळं अंग टाकून दाबलं. चेहरा लाल झाला त्याचा. मित्रांनो, मी केसभरही हटले नाही. एका माणसाच्या जोराने मला हटता येतच नाही, मी तशीच घडले आहे.

"तुझी आई तुझ्याहून जड आहे?" शुक्रीने विचारलं.

"छे. काडी आहे काडी."

"मग ही तिच्यासाठी दबणार नाही. जे काही आहे ते तिच्या हाडांत जाईल." त्याने मला परत टांगलं. "तिला घेऊन ये. मग माप घेऊ."

पुढच्या मंगळवारी तो खरंच आला. मागच्या सीटवर एक बारीकशी म्हातारी, मांडीवर पाव आणि कोथिंबिरीची पिशवी. जेलूलकाका वाकले आणि त्यांनी फटीत बोटं घातली.

"मी काय करायचंय?" तिने घाबरून विचारलं.

"काही नाही, मावशी," शुक्री म्हणाला. "तुम्ही नुसत्या बसून राहा."

मित्रांनो, मला दोष द्यायचा तर द्या, मला तो मान्य आहे. पण माझी एक विनंती ऐका. गाडी खाली करा, वर करा, हवा तो रंग लावा. माप घेताना मात्र मागे बसणाऱ्याला आधी बसवा. आणि वाटेत तो माणूस दुखत नाही म्हणाला, तर गाडी बाजूला घ्या, थांबा, आणि पुन्हा विचारा. सी गौतींना त्या दिवशी दुसऱ्यांदा कुणी विचारलं नव्हतं.